एकट्यासाठी किराण्याचं आठवड्याचं बजेट: आकडा काढायच्या तीन रीती

एकट्या माणसाने किराण्यासाठी आठवड्याला किती पैसे बाजूला काढावेत, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. पण ते उत्तर काढायच्या रीती मोजक्याच आहेत. मिळकतीचा ठरावीक टक्का धरायचा, मागच्या पावत्यांची सरासरी काढायची, किंवा आठवड्यात घरी किती वेळा जेवण होणार ते मोजून तेवढ्या सामानाची किंमत मांडायची. आमचं मत आधीच सांगतो: आकडा तिसऱ्या रीतीने काढावा, दुसरीने तपासावा आणि पहिलीकडे फक्त वरची मर्यादा म्हणून बघावं.

मिळकतीचा टक्का

ही रीत सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची. एर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवलं होतं की मिळकत वाढत जाते तसा तिच्यातला अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा घटत जातो. म्हणून एकच टक्का दोघांना लावला, तर कमी कमावणाऱ्याच्या पोटाला चिमटा बसतो आणि जास्त कमावणाऱ्याला नासाडी करायला मोकळीक मिळते. तुम्हाला किती भूक लागते, किती वेळा घरी जेवता, यातलं टक्क्याला काहीच कळत नाही. तरी भाडं, हप्ते, प्रवास आणि बचत वजा केल्यावर किराण्यावर जास्तीत जास्त किती जाऊ शकतं हे ठाऊक असलेलं बरं. बाकीच्या दोन रीतींनी काढलेला आकडा या मर्यादेपलीकडे गेला, तर आधी इतर खर्चांकडे बघा.

पावत्यांची सरासरी

ज्यांना एकटं राहून काही महिने झालेत त्यांच्यासाठी ही चांगली सुरुवात. सलग ६ आठवड्यांच्या पावत्या घ्या. त्यातून साबण, कपडे धुण्याची पावडर, कागदी रुमाल असं न खाण्याचं सामान वेगळं काढा. ते एकाच पावतीत मिसळलेलं असतं आणि पुष्कळदा तेच आकडा फुगवतं. बाहेरच्या जेवणाचा खर्च यात मिळवू नका, पण शेजारच्या रकान्यात लिहा. हे दोन आकडे एकमेकांना ढकलतात: एक उतरला की दुसरा चढतो, आणि एकच पाहिला तर हिशेब फसतो.

आता नुसती सरासरी काढू नका. समजा सहा आठवड्यांचा खर्च ८०, ९५, २१०, ८५, ९० आणि १०० असा आहे (चलन कुठलंही धरा). बेरीज ६६०, सरासरी ११०. पण सहापैकी पाच आठवड्यांचा खर्च ११०च्या खालीच आहे. तिसऱ्या आठवड्यात तेलाचा डबा आणि धान्याची मोठी पिशवी मिळून ११५ गेले, म्हणून तो २१० झाला. ते ११५ बाजूला काढले की ताज्या सामानाची सरासरी ९१च्या आसपास येते आणि कोरड्या शिध्याचा आठवड्याचा वाटा १९ च्या आसपास. खरं बजेट ते हे: ९१ आणि १९, दोन वेगळे आकडे. एकाच आकड्यात कोंबले तर पाच आठवडे पैसे उरल्यासारखे वाटतात, ते इकडेतिकडे खर्च होतात आणि सहाव्या आठवड्यात ओढाताण होते. बजेट पाळता येत नाही म्हणून जे सोडून देतात, त्यांच्यातल्या अनेकांचा घोळ इथेच असतो.

या रीतीची मोठी उणीव अशी की पावती काय विकत घेतलं ते सांगते, काय पोटात गेलं ते सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरातल्या घरांमधून वाया जाणारं अन्न दरडोई वर्षाला सरासरी ७९ किलो आहे, म्हणजे आठवड्याला दीड किलोच्या आसपास. त्यात सालीदेठांसारखे न खाण्याचे भागही धरलेले आहेत, तरी आकडा लहान नाही. तुमची सरासरी काढताना ही नासाडीही त्यात शिरते आणि पुढच्या वर्षीच्या बजेटला हक्काने चिकटते. त्यावर उपाय एकच: दोन आठवडे फ्रिजच्या दाराला कागद लावा आणि जे जे फेकलं ते आणि त्याचा अंदाजे भाव लिहा. त्या रकमेचा निम्मा भाग, म्हणजे एका आठवड्याची नासाडी, सरासरीतून वजा करा. कुणी नव्यानेच वेगळं राहायला लागलं असेल तर त्याच्याकडे पावत्याच नसतात, मग ही रीत निकामी.

जेवणं मोजून

आठवड्यात न्याहारी धरून २१ वेळा खाणं होतं. त्यातलं घरी किती, हा पहिला प्रश्न. पाच दिवस दुपारचं जेवण कामाच्या ठिकाणी आणि दोन रात्री बाहेर, असं असेल तर घरच्या वेळा उरतात १४: सात न्याहाऱ्या आणि सात जेवणं. मनात २१ धरून बाजार करणारा माणूस इथे गरजेच्या दीडपट सामान घरी आणतो. ही मोजणी आदर्श आठवड्याची करू नका. थकून आल्यावर स्वयंपाक होत नाही अशी एखादी रात्र जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. ती आधीच बाहेरच्या खात्यात टाका.

मग प्रमाणं. मोठ्या माणसाच्या एका जेवणाला कोरडं धान्य किंवा पीठ ८० ते १०० ग्रॅम, न्याहारीला ५० च्या आसपास, डाळ किंवा कडधान्य कच्चं ४० ते ५० ग्रॅम. वरच्या उदाहरणात धान्य साधारण १ किलो आणि डाळी ३०० ते ३५० ग्रॅम झाल्या. अंगमेहनतीचं काम असेल तर धान्य आणखी चढवा. तेल दिवसाला चार-पाच छोटे चमचे धरलं तर आठवड्याला १५० मिलीच्या जवळ, म्हणजे एक लिटर सहा-साडेसहा आठवडे पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्यांचा आहे (बटाट्यासारखे कंद त्यात मोजत नाहीत), म्हणजे आठवड्याला २.८ किलो. त्यातला पाव ते एक-तृतीयांश भाग बाहेरच्या ताटांतून आला, तर घरी २ किलोच्या आसपास लागतं.

इथे एक चूक हमखास होते. ते २ किलो म्हणजे साफ केलेलं वजन. बाजारात तोलून मिळतं ते सालीदेठांसकट. शेंगांतल्या मटारचं निम्म्याहून अधिक वजन टरफलांत जातं, केळ्याचं एक-तृतीयांश सालीत. बटाटे-गाजरं त्या मानाने इमानी, सोलून १० ते २० टक्के घट. सरसकट २० टक्के घट धरली तर २ किलोसाठी अडीच किलो घ्यावं लागतं. भाव किलोला असला तरी ताटात पडणाऱ्या वजनाने भागा. स्वस्त वाटणारी भाजी कधीकधी महाग निघते.

एकट्यासाठी दुसरी अडचण आकाराची. एक किलोचा कोबी घ्या. एका वेळी दीडशे ते दोनशे ग्रॅम खाल्ला तरी तो पाच-सहा वेळांना पुरतो, आणि सलग पाच वेळा कोबी कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. त्याचा बेत बाजारातच करायचा: पहिल्या दिवशी एक-तृतीयांश परतून, तिसऱ्या दिवशी थोडा बारीक चिरून कच्चा, उरलेला पुढच्या आठवड्यातल्या डाळीत किंवा सूपात. सुरीने मधोमध कापण्याऐवजी बाहेरची पानं एकेक सोडवून घेतली तर आतला गड्डा फ्रिजमध्ये बराच जास्त टिकतो. कापलेली कडा आधी काळवंडते. असा बेत डोळ्यांसमोर येत नसेल तर अर्धा गड्डा घ्या, किलोमागे भाव जास्त पडला तरी.

यादी तयार झाली की प्रत्येक जिन्नसापुढे आजचा भाव लिहून बेरीज करा आणि त्यावर १० टक्के चढउतारासाठी ठेवा. आपला आकडा मोठ्या कुटुंबाच्या माणशी खर्चापेक्षा जास्त येतोय म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. अमेरिकेचा कृषी विभाग आपल्या अन्नखर्चाच्या तक्त्यांत चौघांच्या कुटुंबातल्या माणशी रकमेवर एकट्यासाठी २० टक्के वाढवायला सांगतो. लहान पाकिटांचे चढे भाव आणि उरलंसुरलं संपवायला दुसरं कुणी नसणं, याची ती किंमत आहे.

ही रीत वेळ खाते, पहिल्यांदा तास-दीड तास. पण किराण्याचा इतिहास नसलेल्यालाही ती वापरता येते आणि जुन्या सवयींचं ओझं तिच्यावर नसतं.

आठवडा की महिना

ताज्या सामानाला आठवडा, शिध्याला महिना, असं आम्ही सुचवतो. महिन्याच्या रकमेला ४ ने भागून आठवड्याचा आकडा काढू नका. वर्षात ५२ आठवडे असतात, ४ ने भागताना तुम्ही ४८ च धरता. उरलेल्या चार आठवड्यांचं जेवण हिशेबाबाहेर राहतं. ४.३३ ने भागा.

आठवड्यात एकच फेरी करावी की दोन? पैशांच्या दृष्टीने एक बरी, कारण प्रत्येक फेरीत यादीबाहेरचं काहीतरी पिशवीत येतंच. पण एकट्याच्या घरी पालेभाजी आणि मऊ फळं पाचव्या-सहाव्या दिवशी मान टाकतात. म्हणून एक मोठी फेरी आणि चौथ्या दिवशी छोटी, फक्त ताज्यासाठी. पैशांची वाटणीही तशीच: आठवड्याच्या रकमेतले तीन-चतुर्थांश पहिल्या फेरीला आणि उरलेले दुसरीला. मोठ्या फेरीतल्या भाज्या टिकाऊपणाच्या उलट क्रमाने संपवा: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, कोबी-गाजरं नंतर, कांदे-बटाटे शेवटी.

मोठं पाकीट की लहान

मोठ्या पाकिटात किलोमागे जितके टक्के वाचतात, तितकेच टक्के वाया गेले तर सौदा बरोबरीत सुटतो. २५ टक्के स्वस्त मिळालं आणि चौथा हिस्सा नासला, तर फायदा शून्य. त्याहून जास्त नासलं की तोटा. तेव्हा मोठं पाकीट फक्त टिकणाऱ्याचं घ्या: तांदूळ, डाळी, मीठ, साखर. पिठाचं गणित वेगळं आहे. अख्ख्या धान्याच्या पिठातली तेलं लवकर खवट होतात, आणि आठवड्याला ७०० ग्रॅम वापरणाऱ्याला ५ किलोची पिशवी सात आठवडे संपत नाही. मसालेही मोठे घेऊ नका. ते नासत नाहीत, पण वास जातो आणि मग दुप्पट घालावे लागतात.

फ्रीजर असेल तर गणित तुमच्या बाजूने झुकतं. डाळ-कडधान्य एकदाच चार-पाच वेळांचं शिजवा, लवकर निववा, एकेका वेळचं डब्यात भरून तारीख लिहा आणि उणे १८ अंशांवर ठेवा. नुसत्या फ्रिजमध्ये, ४-५ अंशांवर, शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसच ठेवावं. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहू देऊ नका. त्यातले जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

हिशेब कुठे ठेवायचा

वही, अ‍ॅप, रोख पैशांचं पाकीट, यांपैकी जे तुम्ही तीन महिने टिकवाल ते चांगलं. यादीबाहेर खरेदी करायची सवय असेल त्यांना रोख पाकीट सर्वांत जास्त धाक घालतं. सगळं घरपोच मागवणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही; त्यांनी सामान निवडून तसंच ठेवावं, रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी दोन-तीन जिन्नस कमी करून मग पैसे भरावेत. पोचवण्याचं शुल्क किराण्यातच धरा.

पहिले चार आठवडे आकड्याला हात लावू नका. चारपैकी एका आठवड्यात खर्च वर गेला तर ते चालायचंच. तीनदा गेला तर आकडा चुकलाय, तो वाढवा. पुढच्या आठवड्यातलं अन्न कापून भरपाई करू नका, कारण अर्धपोटी माणूस बुधवारी बाहेरून मागवतो आणि हिशेब आणखी बिघडतो. खर्च कमी करायचाच असेल तर आधी फेकलेल्याची यादी, मग पेयं आणि तयार खाऊ, मग जिन्नसांचे स्वस्त पर्याय, असा क्रम ठेवा. डाळी, अंडी, दूध, भाज्या यांना शेवटपर्यंत हात लावू नका. आणि नोकरी, घर किंवा कामाच्या वेळा बदलल्या की जेवणं नव्याने मोजा, जुन्या आकड्याची डागडुजी करत बसू नका.