जेम-फाइव्हमध्ये मायनर की ओ-थ्री?

जेम-फाइव्ह (gem5) हा प्रोसेसरची रचना सॉफ्टवेअरमध्ये तपासण्याचा सिम्युलेटर; मायनर आणि ओ-थ्री ही त्यातली दोन प्रोसेसर मॉडेल्स. मायनर सूचना (इन्स्ट्रक्शन्स) क्रमाने चालवतो, चार टप्प्यांत. ओ-थ्री क्रम मोडून. मूळ सेटिंगवर ओ-थ्री पुढे दिसतो, पण ती तुलना फसवी: त्याची रुंदी (एका क्लॉक सायकलमध्ये जास्तीत जास्त किती सूचना) ८, मायनरची २. आधी रुंदी, कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणारा भाग) सारखे करा. मोजायच्या लूपआधी आकडेवारी रीसेट करा, नाहीतर चाचणीसाठीचा अ‍ॅरे भरण्याचा वेळही त्यात मिसळतो.

अ‍ॅरेच्या बेरजेत डेटा कॅशेत नसला तरी १९२ नोंदींच्या रीऑर्डर बफरमुळे (अपूर्ण सूचनांची क्रमवार नोंद ठेवणारी जागा) ओ-थ्री पुढचे लोड (मेमरीतून वाचन) सुरू करतो. लिंक्ड लिस्टमध्ये मात्र पुढचा पत्ता आधीच्या लोडमधूनच मिळतो. तिथे एवढा बफर असून नसल्यासारखा.

शिवाय क्लॉक तुम्ही द्याल तोच धरला जातो. रुंद डिझाइन सिलिकॉनवर तो गाठेल का, हे सिम्युलेटर सांगत नाही.