ऑलिम्पस टीजी-६: प्रवाळावरच्या बोटभर गोगलगायींसाठी

लक्षद्वीपच्या प्रवाळांवर बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी टिपायला हा कॅमेरा बिनदिक्कत घ्या. मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंगापासून १ सेंटिमीटरवरही फोकस बसतो. पण इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पडते. थोडं मागे सरा, झूम वाढवा, टॉर्च बाजूने द्या. फोकस पाठीवर नको, डोक्यावरच्या दोन शिंगांवर हवा, कारण ओळख तिथेच पटते: फिलिडिया वॅरिकोसा या जातीची शिंगं पिवळी, फिलिडिएला पुस्टुलोसाची काळी. काळ्या पाठीवर फोड दोघींनाही असतात, म्हणून शिंगं धूसर आली की फसगत ठरलेलीच. हाउसिंगशिवाय, म्हणजे वरून चढवायच्या जलरोधक पेटीशिवाय, कॅमेरा १५ मीटरच्या खाली नेऊ नका. झाकणाचं रबर दरवेळी पुसा. वाळूचा एक कण अडकला तरी पाणी शिरतं. आणि गोगलगायीला हात लावू नका, फिलिडिया विषारी स्राव सोडते.