ज्या वॉल्वचे पैसे दिले, तो गाडीत नव्हताच

मी आठवीला विज्ञान शिकवते. उष्णतेवर दरवर्षी फळा भरून लिहिते. तरीही एका गॅरेजवाल्याने उष्णतेच्याच बाबतीत मला तेरा हजार सातशे रुपयांना गंडवलं. आधीच सांगून टाकते, हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

गाडी २०१४ ची, छोटी, पेट्रोलवरची. मे महिन्यात भर दुपारी नाशिकच्या द्वारका सर्कलच्या कोंडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला. गाडी चालती झाली की काटा खाली यायचा, थांबली की परत वर. ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजात नेली. बिल झालं ४,१०० रुपये: फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) ३५०, थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) १,६५०, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९००, मजुरी १,२००. काटा वर जायचा थांबला, मी खूश.

पावसाळ्यात अ‍ॅव्हरेज सतरावरून चौदावर आलं. मी खड्ड्यांना शिव्या दिल्या. नाशिकचा माणूस दुसरं काय करणार?

खरी गंमत डिसेंबरात सुरू झाली. माझी शाळा निफाडजवळ, सकाळची. सहाला घर सोडायचं आणि औरंगाबाद रोडला लागायचं. चांदोरीला गोदाकाठचं धुकं, पुढे द्राक्षबागांतून थंडी मोडायला पेटवलेल्या शेकोट्या. काच धुरकटली म्हणून हीटर लावला, तर पायांवर गार वारा. वीस किलोमीटर झाले तरी काटा तळाशीच. दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला.

परत तेच गॅरेज. मालक म्हणाला, "मॅडम, इंजिन थंड राहतंय, हे चांगलंच आहे की. लोक गरम होतंय म्हणून रडत येतात." मलाही ते पटलं, हे कबूल करते. आपण सगळे बोनेटमधून वाफ येण्याला घाबरतो. थंड इंजिन हाही आजार असतो हे डोक्यात येत नाही. मग त्याने स्कॅनर लावला, पडद्यावर पी-०१२८ असा कोड दाखवला आणि म्हणाला, "सेन्सर गेलाय." टेम्परेचर सेन्सर १,१००, अ‍ॅव्हरेज पडलंय म्हणून ऑक्सिजन सेन्सर ५,२००, इंजेक्टर सफाई १,८००, मजुरी १,५००. एकूण ९,६०० रुपये. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर.

तिसऱ्या खेपेला त्याने इंजिन ऑइलचं झाकण उघडून मला आतली पिवळट साय दाखवली. "हेड गॅस्केट गेलंय. तेलात पाणी जातंय. अठरा हजार." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली, तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारी पट्टी. साय डोळ्यांना दिसत होती, म्हणून मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. पगार व्हायला चार दिवस होते, तेवढ्याने वाचले.

त्या चार दिवसांत एका सहशिक्षिकेने सातपूरच्या एका काकांकडे पाठवलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्यांदा गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लावली. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनर लावला. कूलंट १३ अंश, आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान १३ अंश. "रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे सारखेच यायला पाहिजेत. सेन्सर खोटं बोलत नाही ताई. बहुतेक जुना पण खोटं बोलत नसंल."

मग इंजिन सुरू केलं आणि मला रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवायला सांगितलं. आधी म्हणाले, "ओढणी खोचा. फॅन न सांगता सुरू होतो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही." वॉल्व ठीक असेल तर हा पाइप पाच-सात मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. माझा पाइप पहिल्या दोन मिनिटांतच कोमट व्हायला लागला. (काही गाड्यांत वॉल्व खालच्या पाइपाकडे असतो, तिथे तो पाइप बघायचा.) पुढे त्र्यंबक रोडला चक्कर मारली: मोकळ्या रस्त्यावर ५६ अंश, सिग्नलला थांबलं की हळूहळू ७५, पुन्हा वेग घेतला की ६०. काका एवढंच म्हणाले, "खोलू."

खोललं. वॉल्वच्या घरात वॉल्व नव्हताच. रिकामं घर, वरून नवी गॅस्केट लावून छान बंद केलेलं.

त्या वॉल्वमध्ये मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ते वितळून फुगतं, दांडा सरकतो, झडप उघडते आणि मग कुठे कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनात आणि हीटरमध्येच फिरतं. झडपच नाही म्हटल्यावर थंडीतलं रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिनाची ऊब वाऱ्यावर घालवत होतं. कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन अजून तापलंच नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडायचा. आणि ती साय? तेल पुरेसं तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही, तो तेलात मिसळून झाकणाखाली जमतो. कूलंटची पातळी तसूभरही उतरलेली नव्हती, रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नव्हता, गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. हेड गॅस्केट शाबूत होतं.

मे महिन्यातलं दुखणंही तेव्हा उलगडलं. थांबल्यावर तापते आणि चालताना निवते, म्हणजे फॅन. तो ३५० रुपयांच्या रिलेतच बरा झाला होता. वॉल्व अडकून बंद राहिला असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती. आणि पी-०१२८ चा अर्थ मी घरी शोधला: कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरल्या तापमानापर्यंत पोचत नाही. कोडच्या नावातच थर्मोस्टॅट!

काकांनी नवा वॉल्व बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात उकळत ठेवला, उघडतो का ते बघायला. उघडला. वॉल्व, कूलंट, तेल, मजुरी मिळून ३,९०० घेतले आणि न मागता वॉल्वच्या घराची जुनी गॅस्केट पिशवीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी चांदोरी यायच्या आधीच काटा मध्यावर.

मग मी पहिल्या गॅरेजात गेले. मालक शांतपणे म्हणाला, "आपल्याकडं त्या वॉल्वचं काय काम मॅडम? तो बर्फाच्या देशांसाठी. आम्ही सगळ्यांचाच काढतो."

"मग बिलात लावला कसा?"

"ते पोऱ्यानं चुकून टाकलं असंल."

१,६५० रुपये त्याने तिथल्या तिथे परत पाठवले. सेन्सरचे नाही दिले. काढलेले सेन्सर दाखवा म्हटलं तर ते भंगारात गेले होते. उरलेल्या रकमेसाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही.

तक्रारीला बिल जोडायला गेले, तर मेमधलं बिल थर्मल कागदावरचं. उन्हाळाभर डॅशबोर्डवर पडून ते कोरं झालं होतं. यांनी घरखर्चाच्या हिशेबासाठी त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवला होता, आणि मी तेव्हा त्यावरून भांडलेही होते. तो फोटो जोडलाय.