तीन लिटरचा द्रवनत्र कॅन: कृत्रिम रेतन शिकताना घ्यावा का?

पशुधन पर्यवेक्षकाची पदविका करणारी मुलं रेतनाची गन (रेत गर्भाशयात सोडायची लांब नळी) चालवायला शिकतात ती कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयावर. तिथे हात बसतो, पण गाय गाभण राहणं निम्मं तरी कॅनवर, म्हणजे गोठवलेलं रेत द्रवनत्रात (द्रवरूप नायट्रोजनमध्ये) ठेवायच्या भांड्यावर असतं. रेतमात्रा आधीच मेलेली असेल तर हात कितीही सफाईदार असून उपयोग नाही. इंडियन ऑइलच्या नाशिकच्या क्रायोजेनिक्स विभागाचा बीए-3 हा तीन लिटरचा कॅन डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहोत.

फिरतीसाठी आकार योग्य. तीन लिटर द्रवनत्राचं वजन जेमतेम 2.4 किलो, त्यामुळे भरलेला कॅनही मोटरसायकलवर नेता येतो. मात्र तो साठवणुकीचा कॅन नव्हे. साठा दवाखान्यातल्या 35 लिटरच्या कॅनमध्येच राहू द्या आणि यात दिवसापुरत्या कांड्या (रेतमात्रा भरलेल्या बारीक नळ्या) घ्या. माहितीपत्रकातले टिकण्याचे दिवस न हलवलेल्या, न उघडलेल्या कॅनचे असतात. खडबडीत रस्त्यावर, दिवसातून आठ-दहा वेळा बूच काढलं की नत्र बराच लवकर संपतो.

याची खरी नाजूक जागा म्हणजे मान. आतलं ॲल्युमिनियमचं भांडं बाहेरच्या भांड्यात केवळ मानेच्या नळीवर लटकलेलं असतं आणि मधल्या पोकळीत निर्वात. कॅन आडवा झाला, आपटला किंवा गाडीवर सैल बांधला की सगळा हिसका त्या सांध्यावर येतो. सांध्याला बारीक चीर गेली तरी निर्वात जातो. मग अंगावर घाम किंवा बर्फ धरतो आणि एका रात्रीत कॅन रिकामा होतो. भरल्यानंतर तोंडापाशी थोडा वेळ पांढरं दिसलं तर घाबरू नका. अंगावर दिसलं तर कांड्या ताबडतोब दुसऱ्या कॅनमध्ये हलवा.

विशेषतः जुना कॅन घेताना वजनकाट्याशिवाय पैसे देऊ नका. आधी थोडासा नत्र ओतून भांडं गार होऊ द्या, मग सावकाश भरा. गरम भांड्यात एकदम ओतला तर मानेच्या सांध्यावर ताण येतो. एक दिवस मुरू द्या. मग वजन घ्या आणि 24 तासांनी पुन्हा घ्या. 81 ग्रॅम घट म्हणजे 100 मिली नत्र उडाला. हा आकडा माहितीपत्रकातल्या रोजच्या घटीशी ताडून पाहा. दुप्पट निघाला तर रंग कितीही चकचकीत असो, तो कॅन नको.

पातळी लाकडी पट्टीने मोजा. दहा सेकंद बुडवून बाहेर हवेत हलवली की पांढरी रेघ उमटते. पोकळ नळी घालू नका, तिच्यातून नत्र उसळून हातावर येतो. एक तृतीयांश उरला की भरायचाच. बूच सैलच बसतं आणि ते तसंच असावं, कारण द्रवाचा वायू होताना तो सुमारे 700 पट फुगतो. कापडाने किंवा चिकटपट्टीने तोंड बंद करणं धोक्याचं. बंद काचांच्या गाडीतही नेऊ नका. उडालेला नत्र गाडीतली हवा बाहेर ढकलतो आणि श्वास कोंडतो.

विद्यार्थी सर्वात जास्त चुकतात ते कांडी काढताना. नंबर वाचायला कॅनिस्टर (कॅनमधला कांड्या ठेवायचा डबा) पार तोंडाबाहेर काढतात. मानेच्या वरच्या भागात तापमान झपाट्याने चढतं, त्यामुळे हव्या त्या कांडीसोबत शेजारच्या कांड्याही बिघडतात. कॅनिस्टर मानेच्या आतच ठेवा, चिमट्याने पाच-सात सेकंदांत कांडी उचला. जमलं नाही तर पुन्हा बुडवा, थोडं थांबा. नंबर कांडी हातात आल्यावर वाचा. मग रेत वितळवायला कांडी 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 सेकंद धरा, तेही थर्मामीटर लावून, बोटाने अंदाज घेऊन नव्हे. पुढे कांडी कोरडी पुसणं टाळू नका: पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कापताना कात्री काटकोनात धरा. तिरकी कापली तर कांडी शीथमध्ये (गनवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात) घट्ट बसत नाही, रेत मागे झिरपतं आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते.

दुसऱ्या वर्षाला रोज फिरतीचं काम असेल तर हा कॅन जरूर घ्यावा. पहिल्या वर्षाला घेऊ नये. नत्र नियमित मिळण्याची सोय नसलेल्या गावात तर मुळीच नको. आधी जवळच्या दवाखान्यात नत्राची गाडी कोणत्या वारी येते ते विचारून घ्या.