ग्राफीन मास्टरबॅच : आठ महिने वापरून

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. चटयांच्या या गावात स्टॅटिक कुणाला नवं नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत पॉलिप्रॉपिलीनच्या ढिगात हात घातला की अंगावरचे केस उभे राहतात. पण एका ग्राहकाला सर्किट बोर्ड ठेवायचे ट्रे हवे होते, आणि हाताला कळतही नाही एवढा झटका चिपचा जीव घेतो. प्लास्टिकमधून वीज वाहून गेली की स्टॅटिक साचत नाही, म्हणून आधी आम्ही त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची पूड, वापरायचो. तो वीसेक टक्के घालावा लागे. ट्रे ठिसूळ, वर बोटाला काजळी. म्हणून ग्राफीनचा मास्टरबॅच आणला, म्हणजे कार्बनचे पातळ पापुद्रे दाटून भरलेले प्लास्टिकचे दाणे, जे साध्या दाण्यांत मिसळायचे.

पहिल्याच लॉटला तोंडघशी पडलो. विजेला होणारा रोध जितका कमी तितकं बरं; माहितीपत्रकात ६ टक्क्यांना तो दहाचा ५वा घात ओहम, आमच्या मीटरवर ११वा. ग्राहकाची हद्द ९व्याची. पुरवठादाराला फोनवर नको ते बोललो. नंतर कळलं, त्यांचा आकडा दाबून केलेल्या चकतीचा होता. इंजेक्शनमध्ये माल सुसाट धावतो, ग्राफीनचे पापुद्रे प्रवाहाबरोबर आडवे होतात आणि एकमेकांना टेकत नाहीत. साच्याला लागून गोठणाऱ्या सालीत तर हे फारच. वीज जायला टेकलेल्या पापुद्र्यांची साखळी लागते. ती नसेल तर आत घातलेलं महाग ग्राफीन नुसतं भरताड.

मला वाटलं, नीट मिसळलं नसेल, म्हणून माल वितळवून घुसळणाऱ्या स्क्रूचा वेग आणि त्यावरचा दाब (बॅक प्रेशर) वाढवला. मांड्यांची कणीक जितकी तिंबावी तितकी चांगली. इथे उलटं, पापुद्रेच तुटतात. शेवटी साच्याचं पाणी ३० वरून ६० अंशांवर नेलं, इंजेक्शनचा वेग निम्मा केला, तेव्हा आकडा ७व्या घातावर आला. सायकल, म्हणजे एका ट्रेला लागणारा वेळ, ९ सेकंदांनी लांबली, त्याचे पैसे कोणी देत नाही.

(२००४ मध्ये मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने सोललेला थर एका अणूच्या जाडीचा होता. आपल्या पोत्यात येतात ते अनेक थरांचे पापुद्रे. नाव एकच, म्हणून भुलू नका.)

रिजेक्ट ट्रे दळून परत घातले की आकडा पुन्हा चढतो, त्यामुळे तसा माल दहा टक्क्यांच्या वर घालत नाही. ग्राइंडर मात्र वेगळाच ठेवा. आमच्या शेजाऱ्याने त्याचा पिवळा स्क्रॅप आमच्याकडे दळून घेतला आणि त्याच्या अख्ख्या लॉटवर काळे ठिपके आले. दोन महिने बोलत नव्हता.

भाव कार्बन ब्लॅकच्या चौपट पडतो. ट्रेसाठी चालू ठेवलंय, कारण काजळीची तक्रार थांबली. साध्या बिनसाठी (सामान ठेवायच्या डब्यांसाठी) जुनाच माल. परवा तोच शेजारी विचारत होता, चटईत टाकलं तर? टाक की, पण काळ्याशिवाय रंग मिळायचा नाही.