सरासरी जुळत होती, तरी कटर मोडला: कटिंग फोर्स सॉफ्टवेअर आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात स्टीलमध्ये स्लॉट मारताना 10 मिमीचा दोन दातांचा कार्बाइड एंडमिल मोडला. नवाकोरा कटर, जेमतेम तिसरा जॉब. आणि त्या क्षणी कापतानाच्या फोर्सचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर सांगत होतं की फोर्स मोडायच्या मर्यादेच्या 80 टक्क्यांवर आहे. आठ महिने याच आकड्यांवर भरवसा ठेवून फीड (कटर पुढे सरकवण्याचा वेग) चढवत आलो, म्हणून राग जास्त आला.

बाकीचं चटकन सांगतो. हिशेब क्षणात होतो, हेलिक्समुळे (दातांच्या पिळामुळे) फोर्स हळूहळू चढतो ते ग्राफमध्ये नीट दिसतं, मटेरियलची यादी ठीकठाक आहे. पण यादीतल्या गुणांकांवर (चिपच्या मापावरून फोर्स काढायच्या आकड्यांवर) विसंबू नका, आपले आपण काढा. वेगवेगळ्या फीडला पूर्ण रुंदीचे स्लॉट मारायचे, डायनॅमोमीटरवर (फोर्स मोजायच्या यंत्रावर) सरासरी फोर्स घ्यायचा आणि फीडसमोर मांडायचा. सरळ रेष येते. तिच्या चढावरून चिप कापण्याचे गुणांक मिळतात, आणि शून्य फीडला रेष जिथे लागते तिथून धारेच्या घासण्याचे. माझी रेष इतकी स्वच्छ आली होती की मी निर्धास्त झालो.

मोडल्यावर पहिला संशय माझ्याच काटकसरीवर आला. नवे कटर वाचवायचे म्हणून चाचण्या वापरलेल्या कटरवर केल्या होत्या. सपोर्टनेही तेच धरून ठेवलं: चाचण्या पुन्हा करा. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. पण झिजलेल्या धारेने घासण्याचा गुणांक वाढतो, म्हणजे अंदाज खऱ्यापेक्षा जास्त यायला हवा. इथे तर तो कमी पडला होता!

शेवटी जुन्या चाचण्यांचा कच्चा डेटा उघडला. 3000 आरपीएमला दोन दातांचा ठोका 100 हर्ट्झला यायला हवा. तो होताच, पण 50 हर्ट्झलाही, म्हणजे फेरीला एकदा, ठळक शिखर. ग्राफमध्ये एक उंचवटा मोठा, पुढचा बुटका, पुन्हा मोठा. म्हणजे एक दात जास्त खात होता. मोडलेल्या कटरचं होल्डर तसंच स्पिंडलवर होतं. त्याच कॉलेटमध्ये (कटर आवळून धरणाऱ्या बाहीत) तसलाच दुसरा कटर लावून टोकाशी दोन्ही दातांवर डायल गेज लावला, फरक निघाला 20 मायक्रॉन, म्हणजे 0.02 मिमी.

आता हिशेब बघा. फीड दाताला 0.05 मिमी, म्हणजे प्रत्येक दाताने तेवढी जाड चिप घ्यायची. 20 मायक्रॉनच्या फरकाने एक दात 0.07 घेतो, दुसरा 0.03. कापण्याचा फोर्स एका दातावर 40 टक्क्यांनी वाढला, आणि 80 टक्क्यांवरून मर्यादा गाठायला 25 टक्क्यांची वाढच पुरते. दोघांची बेरीज मात्र 0.10 च राहते, म्हणून सरासरी फोर्स हलत नाही आणि चाचणीची रेष सरळच येते. जी रेष पाहून मी निश्चिंत झालो, तिच्यात हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. कार्बाइड मोडतं ते शिखराने, सरासरीने नाही.

म्हणून सुरुवातीला लिहिणार होतो की मॉडेल चुकीचं आहे, ते आता लिहित नाही. रनआउट (कटर मध्यापासून सरकून फिरणं, ज्याने दातांत हा फरक पडतो) भरायची जागा सॉफ्टवेअरमध्ये आहे, टूलच्या भूमितीत तीन मेनू आत, आणि आधीपासून शून्य भरलेली. 20 मायक्रॉन टाकल्याबरोबर अंदाज मर्यादेच्या वर गेला. गणित पक्कं आहे. पण शून्य रनआउटचा कटर कुठल्या होल्डरमध्ये बसतो? ही जागा भरल्याशिवाय हिशेब पुढे जायलाच नको, निदान इशारा तरी यायला हवा. हे सपोर्टला चौथ्यांदा लिहिलं आहे.

कॉलेट काढून पाहिलं तर आत बारीक चिप दबलेली होती. कॉलेट आणि टेपर पुसून कटर पुन्हा बसवला, फरक 6 मायक्रॉनवर आला. बाहेर काढलेली लांबी 40 वरून 30 मिमी केली, त्याने त्याच फोर्सला कटरचं वाकणं निम्म्याहून कमी होतं. त्याच फीडला त्याच जॉबचे उरलेले स्लॉट बिनघोर निघाले. बारीक फीडला मात्र जपा: दाताला 0.02 आणि फरक 20 मायक्रॉन असेल तर एकच दात सगळं कापतो, दुसरा नुसता घासत फिरतो.

वर्गणी पुढे चालू ठेवतोय. पण चार दातांच्या कटरसाठी अजून अडतंय. प्रत्येक दाताची त्रिज्या वेगळी निघते, सॉफ्टवेअर मात्र रनआउटचा एकच आकडा घेतं आणि सरकलेला मध्य कोणत्या दाताकडे आहे ते विचारतच नाही. तोवर चार दातांना मी डायलवरून सर्वात जास्त खाणारा दात शोधून त्याच्या चिपच्या जाडीवरच फीड ठरवतो.