भावनांसाठी चित्रपुस्तके: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या घरी दुसरे बाळ आले आणि साडेचार वर्षांची थोरली मुलगी एकाएकी हट्टी व मारकी झाली. समजावून काही फरक पडेना, तेव्हा रोज रात्री एक चित्रपुस्तक वाचायचे असे आम्ही ठरवले. आम्ही डिचोलीत राहतो. काही पुस्तके पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून आणली, काही विकत घेतली, तर बाकीच्या गोष्टी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून छापून घेतल्या. झोपताना फोनपेक्षा कागद बरा पडतो, कारण आवडलेल्या पानावर ती हवे तितके रेंगाळते.

पहिला महिनाभर माझेच चुकत होते. तिने बाळाला चिमटा काढला की मी लगेच भावंडांच्या प्रेमाची गोष्ट उघडायचे. त्यामुळे पुस्तक म्हणजे शिक्षा अशी तिची समजूत झाली आणि ते दिसताच ती तोंड फिरवू लागली. मग प्रसंग पूर्ण निवळल्यावर, एकदोन दिवसांनी वाचायला सुरुवात केली आणि ‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न कायमचा सोडला. आता चित्रावर बोट ठेवून ‘हिला काय वाटत असेल?’ एवढेच विचारते आणि थांबते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अभ्यासलेल्या संवादी वाचनातही मुलालाच बोलते करतात. तो अभ्यास भाषाविकासाचा होता; पण मनातले ओळखून त्याला शब्द देणे हेही भाषेचेच काम आहे, असे मला मनापासून वाटते.

पूर्वी तिच्यापाशी ‘राग’ हा एकच शब्द होता. आता रुसणे, हिरमुसणे, हेवा वाटणे यांतला फरक ती जाणते, आणि बालवाडीत कोकणी बोलत असल्याने भीतीला ‘म्हाका भंय दिसता’ असेही म्हणते. चवथीला घर पाहुण्यांनी भरले होते आणि सगळे बाळाचेच कौतुक करत होते. मी नेवऱ्या करत असताना ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, मला हेवा वाटतोय, जवळ घे.” ते ऐकून माझे डोळे भरून आले.

पुस्तक निवडताना माणसांच्या गोष्टींना मी प्राधान्य देते. टोरोंटोतील संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांनी माणसांची गोष्ट ऐकल्यावर आपले स्टिकर अधिक उदारपणे वाटले. माणसांसारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टीने तसे घडले नाही. आमच्याकडेही सशाच्या गोष्टीला ती खळखळून हसते, पण दोन बहिणींची गोष्ट गप्प बसून ऐकते आणि पुन्हा मागते. शेवटी तात्पर्य छापलेली पुस्तके मात्र आम्हाला मुळीच उपयोगी पडली नाहीत.

ती दमलेली वा भुकेली असली की अजूनही हात उगारते, आणि त्या क्षणी कोणतेही पुस्तक कामाचे नसते. आमच्यासारखे अंगण, तुळस आणि धो धो पाऊस असलेले घर पुस्तकांत क्वचितच सापडले, म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही दोघींनी बाळ घरी आले त्या दिवसाची चित्रे काढून एक वही शिवली. सध्या सर्वांत जास्त वेळा तीच वाचली जाते.